श्रीमती शीतल मगदूम यांची तारीख-रात्र

माणूस जगाला फसवू शकतो, स्वतःला फसवू शकतो, जमलंच तर प्राप्तिकर खात्यालाही फसवू शकतो. पण स्वतःच्या मेंदूला तो फसवू शकत नाही. हातून चूक झाली की ती खरी की मुद्दाम केलेली, हे मेंदूला जागच्या जागी कळतं. ही गोष्ट ज्या दिवशी यंत्राला वाचता येईल त्या दिवशी मानवी नात्यांतलं कपट कायमचं संपेल, असं शास्त्रज्ञ फार वर्षं सांगत आले होते. तो दिवस २०४३ साली उजाडला. उजाडला तो सांगलीत, विश्रामबागेतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, ल्युडो खेळताना.

फ्लॅट ॲडव्होकेट शीतल मगदूम यांचा. शीतल हे पुरुषाचं नाव असतं हे सांगली-कोल्हापूरकडे कुणाला सांगावं लागत नाही. दहावे तीर्थंकर शीतलनाथ, त्यांच्यावरून घराघरांत एक तरी शीतल असतो, आणि त्याला मिशाही असतात. अडचण पुण्याच्या पलीकडे सुरू होते. शीतलला लॉ कॉलेजात पहिल्या वर्षी मुलींच्या वसतिगृहात खोली मिळाली होती आणि ती सोडताना त्याला लेखी कारण द्यावं लागलं होतं. पुढे लग्न झालं ते नेमकं किरण नावाच्या मुलीशी. बाहेरगावच्या पाहुण्यांनी आहेराच्या पाकिटावर ‘चि. किरण आणि चि. सौ. कां. शीतल’ असं बिनदिक्कत लिहून दिलं. त्यांच्या मते त्यांनी छापखान्याची चूक सुधारली होती.

किरण एका सहकारी बँकेत कर्ज मंजूर करणाऱ्या टेबलावर बसत असे. समोरचा माणूस हप्ते फेडील की नाही हे तिला त्याच्या चहा पिण्यावरून कळायचं. शीतल दिवाणी वकील. कोर्टाचं कामकाज आता घरबसल्या भिंतीवर चाले, दावे यंत्रं लिहीत, उत्तरंही यंत्रंच लिहीत. तारखा मात्र पूर्वीसारख्याच पडत, कारण काही गोष्टी यंत्राला जमत नाहीत.

दोघांची एकुलती एक मुलगी सन्मती बंगळुरूला असे. तिने एका रविवारी फोनवर विचारलं, “पप्पा, शनिवारी संध्याकाळी तुम्ही दोघं काय करता?”

“बसतो.”

“बसता म्हणजे?”

“ती तिकडे बसते. मी इकडे बसतो.”

“बोलता का?”

“बोलायचं काय राहिलंय? सगळं बोलून झालंय की.”

सन्मतीला हे उत्तर चिंताजनक वाटलं. तिच्या पिढीला सगळंच चिंताजनक वाटतं, आणि प्रत्येक चिंतेवर एक वस्तू मिळते. लग्नाच्या वाढदिवसाला कुरिअरने एक खोकं आलं. वर लिहिलं होतं, ‘जोडीपट: आपल्या तारीख-रात्रीसाठी अचूक खेळ निवडणारा सोबती.’

“तारीख-रात्र म्हणजे काय ओ?” किरणने चष्मा वर करून विचारलं.

“डेट नाइट असणार. कुणीतरी मराठी केलंय.”

“मला वाटलं तुमचं कोर्ट आता रात्रपाळी करतंय.”

शीतल हसला नाही. तो खोक्यावरचं चित्र बघत होता. चित्रात एक बाई आणि एक बुवा एका पटावर वाकले होते आणि बाई दात दिसेपर्यंत हसत होती. हे हसणं त्याने एकदा प्रत्यक्ष पाहिलं होतं. ते साल २०१९.

तेव्हा मगदूम मारुती चौकाजवळ राहत. खाली ऑफिस, वर घर. ऑगस्टात कृष्णेचं पाणी चढलं, एका रात्रीत ऑफिसात शिरलं आणि जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबलं, जसं काही आत यायची परवानगी मागतंय. लाईट गेली होती. फोन एकेक करून मेले. खाली फायली तरंगत होत्या. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या भावाभावांचे वाटणीचे दावे प्रथमच एकत्र आले होते. बाहेरून बोटीचा आवाज यायचा, कुठेतरी गाय हंबरायची. जिन्यात एक धामण येऊन वेटोळं घालून राहिली होती आणि तिलाही बहुधा दुसरीकडे जागा नव्हती.

वर तिघंच होती. शीतल, किरण आणि जेमतेम तीन वर्षांची सन्मती. करायला काही नव्हतं. किरणने कपाटातून एक जुना पुठ्ठ्याचा पट काढला, एका बाजूला सापशिडी, दुसऱ्या बाजूला ल्युडो. शीतलने आधी सापशिडी वर केली होती. किरण म्हणाली, “उलटा करा तो. साप जिन्यात आहे तेवढा पुरे.” तेव्हापासून ल्युडोची बाजू वर आली ती आलीच.

किरणची पिवळी एक सोंगटी हरवली होती, तिच्या जागी शीतलच्या शर्टाचं बटण. फासा स्टीलच्या वाटीत खुळखुळवायचा. सन्मतीला कळत काही नव्हतं, पण तिलाही एक लाल सोंगटी हवी होती. ती दिली, आणि ती कच्चं लिंबू असं ठरलं: तिने फासा टाकायचा, सोंगटी वाटेल तिथे ठेवायची, आणि तिला कुणी मारायचं नाही. पाणी उतरेपर्यंत तिघं खेळत राहिली. आणि शीतल जिंकत राहिला. जिंकला की तो उठून कोर्टात युक्तिवाद संपवल्यासारखा वाकून नमस्कार करी, सन्मती टाळ्या वाजवी आणि किरण दात दिसेपर्यंत हसे.

नंतर घर बदललं, पाणी कधीच चढणार नाही अशा विश्रामबागेत आले. पण पुराची गोष्ट शीतल लग्नाकार्यांत सांगायचा. “खाली सगळं बुडत होतं आणि वर मी या दोघींना हसवत ठेवलं होतं,” असं त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य असे. माणसाला आयुष्यात अशी एक गोष्ट लागते, जिच्यात तो स्वतः बरा दिसतो. शीतलकडे हीच होती. खोक्यावरचं चित्र बघून त्याला एवढंच वाटलं की त्या आठवड्यातली किरण शनिवारच्या शनिवारी परत मिळाली तर बघावी.

जोडीपट बनवणारी कंपनी हिंजवडीतल्या दोन तरुणांची होती. दोघंही अविवाहित. वस्तू मात्र हुशार होती. पाटाएवढा एक जाड कागद, त्यावर हवा तो पट उमटे. सोबत डोक्याला लावायच्या दोन पट्ट्या, त्यांचे बारीक दाते केसांतून टाळूला टेकत. शीतलच्या बाबतीत वाटेत केस नव्हते.

शास्त्र असं की, एखादी चांगली चाल नजरेला पडली की मेंदूत एक छोटी लहर उठते. “दिसलं,” असं ती म्हणते. आणि मनात एक असताना हातून दुसरंच झालं की लगेच, आपल्याला कळायच्याही आधी, दुसरी लहर उठते. ती म्हणते, “अरेरे.” या दोन्ही लहरी शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होत्या. पण पूर्वी त्या पकडायला डोक्यावर तारांचं जंगल बांधून प्रयोगशाळेत बसावं लागे, आणि तशा अवस्थेत कुणी बायकोबरोबर खेळत नाही. पट्टीने ते काम सोपं केलं. खेळणाऱ्याला चाल दिसलीच नाही, तर तो कच्चा खेळाडू. ‘दिसलं’ आलं आणि पाठोपाठ ‘अरेरे’ही आलं, तर हात घसरला. पण ‘दिसलं’ आलं, चाल सोडली, आणि ‘अरेरे’ आलंच नाही, तर मग ती चूक नव्हे. तो माणूस मुद्दाम हरतोय.

कायद्यात याला हेतू म्हणतात, आणि तो सिद्ध करता करता शीतलचे केस गेले होते.

ही लहर-वाचणी कंपनीला एवढ्यासाठीच हवी होती की दोघांना तुल्यबळ आणि मनापासून खेळता येईल असा खेळ निवडता यावा. आधी काही शनिवार यंत्र वेगवेगळे पट मांडून बघणार, मग निर्णय देणार.

पहिल्या शनिवारी यंत्राने गोड आवाजात सुचवलं, “रात्री साडेआठ वाजता मंद प्रकाशात भोजनाने आरंभ करा.”

किरण चातुर्मासात सूर्यास्तानंतर जेवत नसे. त्यामुळे मगदूमांची तारीख-रात्र पाच वाजता, पश्चिमेच्या खिडकीतून सरळ ताटात येणाऱ्या उन्हात सुरू झाली. यंत्राने मेणबत्तीचा आग्रह धरला म्हणून किरणने एक लावली. ती लागली आहे की नाही हे बघायला हात जवळ न्यावा लागत होता. मग ताटं उचलून दोघांनी पट्ट्या चढवल्या. एकमेकांकडे बघून त्यांनी नजर वळवली. डोक्याला मार लागलेली दोन माणसं दिसत होती.

यंत्राने बुद्धिबळ मांडलं, शीतल जिंकला. पुढल्या खेपेला भाजी मंडईचा एक नवा खेळ मांडला, त्यात टोमॅटोचा भाव पाडायचा होता, शीतल जिंकला. ल्युडो मांडला, शीतलच जिंकला. श्रावण संपेपर्यंत तो शनिवारी सकाळपासून शीळ घालायला लागला. शेजारच्या आवट्यांना त्याने लिफ्टमध्ये विनाकारण सांगितलं की मेंदू वयाबरोबर तल्लख होतो. किरण हसायची, पण ते हसणं बँकेतलं होतं, कर्ज नामंजूर करतानाचं. दात दिसत नव्हते.

मग एका शनिवारी यंत्राने निर्णय दिला.

“अभिनंदन. श्री. किरण हे श्रीमती शीतल यांच्याशी खेळताना मुद्दाम हरत आहेत. जिंकणारी चाल दिसूनही ते ती सोडून देतात. हे प्रगल्भ प्रेमाचं लक्षण आहे. श्रीमती शीतल, आपण भाग्यवान आहात. आज त्यांच्या आवडीचं काहीतरी गोड करा.”

किरण खुर्चीत मागे रेलली. “ऐकलंत का शीतलबाई? गोड करा काहीतरी.”

“नावावरून चुकलंय ते.”

“भाग्यवान आहात म्हणालं. तेवढं तरी बरोबर आहे.”

शीतलही हसला. अर्धं हसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की यंत्राने चूक केली होती ती फक्त श्री आणि श्रीमतीची. हरणारं माणूस किरण आहे, हे त्याने बरोबर सांगितलं होतं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, एखादा दुरुस्ती-अर्ज दाखल करावा तसं त्याने यंत्रात लिहिलं: शीतल, पुरुष, पती, किरण, स्त्री, पत्नी. आणि निर्णय पुन्हा मागितला. यंत्राने थोडा विचार केला.

“सौ. किरण या श्री. शीतल यांच्याशी खेळताना मुद्दाम हरत आहेत. जिंकणारी चाल दिसूनही त्या ती सोडून देतात. हे दडपलेल्या रागाचं, अथवा नात्यातून मन काढून घेतल्याचं लक्षण असू शकतं. श्री. शीतल, आपण खचून जाऊ नका. आपल्या भागातील समुपदेशकांची नावं हवीत का?”

लहरी त्याच, चाली त्याच, डोकीही तीच. फक्त मिशा इकडच्या तिकडे झाल्या होत्या, आणि तेवढ्यावर प्रेमाचा राग झाला होता. शीतलने दोन्ही निर्णय शेजारी ठेवून पाहिले. वरच्या कोर्टात हे एका मिनिटात फिरलं असतं. पण वरचं कोर्ट नव्हतं, आणि दोन्ही निर्णयांत एक गोष्ट सारखी होती.

दुपारी किरण गवारीच्या शिरा काढत बसली होती. तो समोर जाऊन बसला.

“एक विचारू?”

“वकिलासारखं विचारणार असाल तर आधी हात चालवा.” तिने अर्धी गवार त्याच्याकडे सारली.

“बुद्धिबळात त्या दिवशी तुझा वजीर गेला.”

“गेला.”

“तो जाणार हे तुला दिसत होतं.”

“मला दूध दिसत होतं. गॅसवर ठेवलेलं. लक्ष ठेवतो म्हणाला होतात तुम्ही. तुम्ही हत्तीवर लक्ष ठेवून बसलात. मग मी दुधावर ठेवलं. वजीर गेला, दूध राहिलं. यात मुद्दाम काय आलं?”

“यंत्र म्हणतंय...”

“यंत्र कालपर्यंत तुम्हाला बाई म्हणत होतं.”

“ते नावाचं झालं. हे शास्त्र आहे.”

“अहो, मी दिवसभर बँकेत लोकांना नाही म्हणून येते. संध्याकाळी तुमच्यासाठी हरायचं म्हणजे आधी जिंकायची तयारी करायची, मग ती लपवायची. एवढी उमेद कुणाला आहे? तुम्ही बरे खेळताय हल्ली. जिंकताय. खुश राहा की.”

इथे शीतलने थांबायला हवं होतं. उत्तर आधीच माहीत नसेल तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही, हे तो ज्युनियरांना वीस वर्षं शिकवत आला होता.

“म्हणजे तू माझ्याशी कधीच मुद्दाम हरली नाहीस.”

किरणला खोटं बोलता येत नसे. ती गप्प बसायची. तिने एक शेंग काढली, दुसरी काढली. तिसऱ्या शेंगेची शीर निघाली तरी ती सोलतच राहिली.

“पुरात,” ती म्हणाली.

खाली रिकामी रिक्षा चालकाशिवाय वळली आणि निघून गेली, तिचा आवाज दुसऱ्या मजल्यावर आला.

“पुरात म्हणजे कधी?”

“पुरात म्हणजे पुरात. सगळेच डाव. म्हणजे पहिला सोडून. पहिला तुम्ही तुमचा जिंकलात.” ती त्याच्याकडे न बघता सांगत होती. “तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. जिन्यात वर बसून खाली फायलींकडे बघत होता. त्या धामणीच्या शेजारी. मला तिची भीती नाही वाटली, तुमची वाटली. पहिला डाव तुम्ही जिंकलात आणि उठून म्हणालात, भात आहे का गं. तेव्हा मी म्हटलं, हे सोपं आहे. मग तुमची सोंगटी मारायची वेळ आली की मी दुसरी हलवायची. बटण तर मी पुढे नेलंच नाही शेवटपर्यंत. तुम्हाला वाटायचं, बटण अपशकुनी आहे.”

“मी सगळ्यांना सांगतो,” शीतल म्हणाला, “की मी तुम्हाला हसवत ठेवलं.”

“हसवलंत की. नमस्कार करायचात तेव्हा हसूच यायचं.”

तिने गवार उचलली आणि ती आत गेली. शीतल तिथेच बसला. इतकी वर्षं तो समजत होता की त्या घरात कच्चं लिंबू एक होतं. ती दोन होती. आणि त्यातल्या लहान लिंबाला निदान ते सांगितलेलं होतं.

त्यानंतर तो नीट वागला, आणि नीट वागणं हेच वाईट चिन्ह होतं. पाणी भरून ठेवायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. मनात मात्र दावा चालू होता. पुरातली कबुली होती, आत्ताचा यंत्राचा पुरावा होता, आणि आत्ताचं नाकबूल करणारी साक्षीदार होती, जिने आधीचं इतकी वर्षं दडवलं होतं. कोणताही न्यायाधीश काय म्हणाला असता? शीतल मगदूम आयुष्यात बायकोविरुद्ध एकच डाव जिंकला, तोही उपाशीपोटी. एका बारशाला कुणीतरी म्हणालं, “काका, ती पुराची गोष्ट सांगा की.” तर त्याने सांगितलं, आता आठवत नाही.

शनिवार आला. ऊन ताटात पडलं होतं.

“पुढच्या शनिवारपासून माझे क्लायंट आहेत,” शीतल म्हणाला.

“शनिवारी संध्याकाळी?”

“हो.”

“सगळेच?”

“बरेच आहेत. हे यंत्र सन्मतीला परत पाठवू. तिला म्हणावं, छान होतं.”

किरणने त्याच्याकडे कर्जदाराकडे बघावं तसं पाहिलं. त्याचा चहा तसाच होता. हा माणूस फेडणार नाही हे तिला कळलं. आज उठला की पुन्हा या टेबलाशी बसणार नाही. तो तिकडे बसेल, ती इकडे बसेल, आणि आता तर बोलून झालेलंही पुन्हा कुणी बोलणार नाही. तिने ताट बाजूला केलं आणि कागदाकडे वळून यंत्रालाच विचारलं, “आम्हा दोघांना चालेल असा एकच खेळ सांग. ज्यात कुणाला मुद्दाम हरता येणार नाही.”

यंत्राने बुद्धिबळ बाद केलं, कारण त्यात चाल निवडता येते. ल्युडो बाद केला, कारण कोणती सोंगटी हलवायची ते निवडता येतं. व्यापार बाद केला, मंडई बाद केली. प्रत्येक खेळ नाहीसा होताना कागदावर क्षणभर उमटून पुसला जात होता. शेवटी एक उरला.

“सापशिडी,” यंत्र म्हणालं. “या खेळात खेळाडूला कोणताही निर्णय घेता येत नाही. त्यामुळे येथे त्याग, दया, राग अथवा प्रेम दाखवण्यास वाव नाही. आपल्या जोडीस हा खेळ योग्य आहे.”

आणि कागदावर सापशिडी उमटली. साप गुळगुळीत होते आणि डोळे मिचकावत होते.

“हा नको,” किरण म्हणाली. तिने पट्टी काढून टेबलावर ठेवली, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून जुना पट काढला. ल्युडोची बाजू पुसट झाली होती, लाल घराचं गुलाबी झालं होतं. तिने तो उलटा केला. खालची बाजू इतकी वर्षं उजेडाला लागलीच नव्हती. साप हिरवेगार होते, शिड्या पिवळ्याधमक, पहिल्या घरातला मुलगा आत्ताच शाळेतून आल्यासारखा.

“बसा. एक डाव. मग करा तुमचे क्लायंट.”

“कशाला उगाच?”

“रडीचा डाव खेळू नका हं. बसा.”

तो बसला. त्याला निळी सोंगटी, तिला बटण. वाटीत फासा खुळखुळला आणि दोघांनाही तो आवाज ओळखीचा वाटला.

आधी शीतल गंभीरपणे खेळत होता, साक्ष नोंदवावी तसा. मग तो शिडीवर चढला आणि त्याला बरं वाटलं. लगेच त्याने स्वतःला आठवण दिली की यात आपलं काही नाही. मग किरणला साप लागला आणि ती वाटीकडे बघून म्हणाली, “मेल्या.” शीतलने मान वर केली. पुरात ती असं कधी म्हणाली नव्हती. पुरात तिची सोंगटी गेली की ती फक्त, “जाऊ दे, तुमचा डाव,” म्हणायची.

“काय बघताय? टाका.”

त्याने टाकला. पुढे गेला. ती मागून आली, शिडी चढली, पुन्हा घसरली. उन्हाची तिरीप टेबलावरून भिंतीवर गेली. दोघं वरच्या ओळीत पोचली तेव्हा शीतल बराच पुढे होता, शंभराच्या अगदी तोंडाशी, आणि अठ्ठ्याण्णववर तो मोठा साप तोंड उघडून बसला होता. त्याने वाटी हलवली. फार वेळ हलवली.

“मंत्र म्हणताय का?”

“गप्प बस जरा.”

फासा पडला. निळी सोंगटी एकेक घर गेली आणि अठ्ठ्याण्णववर थांबली. तिथून तो साप सरळ खालच्या ओळीपर्यंत गेला होता, त्या शाळेतून आलेल्या मुलापर्यंत.

किरणने आधी तोंडावर हात धरला. मग हात काढला. मग ती हसली, टेबलावर डोकं टेकून, खांदे हलवत, श्वास अडेपर्यंत. मध्येच वर बघायची, शीतलचा चेहरा बघायची आणि पुन्हा खाली जायची. दात तर दिसत होतेच, वरची दाढ भरलेली होती तीही दिसत होती. शीतल बघत राहिला. पुरात तिचं हसणं छान होतं, पण त्यात एक डोळा पटावर असे, कुठली सोंगटी हलवायची नाही त्याच्यावर. हे हसणं पूर्ण होतं. हे त्याने पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं.

“एवढं काय त्यात?” तो म्हणाला, पण त्याच्याही ओठांचं काहीतरी व्हायला लागलं होतं.

“नाही, तुम्ही... तुम्ही आता नमस्कार करणार होता. हात जोडायला घेतलेत तुम्ही.”

त्याने खाली पाहिलं. हात खरोखरच अर्धे जोडलेले होते.

पुढच्या दोन-तीन फाशांत बटण शंभरावर पोचलं. किरण उठली, पदर खोचला आणि कोर्टात युक्तिवाद संपवल्यासारखा तिने वाकून नमस्कार केला. तिने तो चांगला केला. इतकी वर्षं समोर बसून पाहिला होता.

“अजून एक,” शीतल म्हणाला.

“तुमचे क्लायंट?”

“ते पुढच्या शनिवारी. आणि तेव्हा मी तारीख मागून घेईन.” त्याने फासा उचलला. “किरण, हल्लीचं खरं सांग. मंडईचा तो खेळ. त्यात तरी मी...”

“सांगितलं की ओ तुम्हाला. जिंकलात.”

त्याने मान हलवली. विश्वास बसला नाही, पण आता तो फासा हातात घेऊन बसला होता आणि विश्वासावाचून अडत नव्हतं.

दिवाळीनंतर हिंजवडीच्या कंपनीचा संदेश आला. केसांना तेल लावलेलं असल्यास पट्टीला लहरी मिळत नाहीत आणि ती स्वतःच्याच अंदाजाने आकडे भरते, तरी तेल लावणाऱ्या ग्राहकांनी आजवरचे निर्णय ग्राह्य धरू नयेत. किरण लहानपणापासून रोज सकाळी खोबरेल तेल लावते.